तुकडी आणि वर्गशिक्षक

वर्गशिक्षक या पदावर कुणाचीच नेमणूक होत नाही. नेमणुकीच्या आदेशात ‘सहशिक्षक’ असे लिहिलेले असते, विषय असतो, वेतनश्रेणी असते. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास शिपाई सूचनावही घेऊन शिक्षकखोलीत येतो. वहीत इयत्ता, तुकडी आणि नाव अशी यादी असते. आपल्या नावापुढे सही केली की वर्षभरासाठी पन्नास-साठ मुले आपल्या पदरात पडतात. त्यासाठी वेगळा भत्ता नाही. आपल्या शाळेच्या या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापक, इमारती, देणगीदार, क्रीडांगण, शालान्त परीक्षेचे निकाल या सगळ्यांवर स्वतंत्र लेख आहेत. तुकड्यांवरचा लेख मी संपादक मंडळाकडे मागून घेतला. नगर जिल्ह्याच्या या दक्षिणेकडच्या कोरडवाहू भागासाठी शाळेने जे काही केले, त्यातले निम्मे काम पहिल्या तासाच्या हजेरीत झाले आहे असे माझे ठाम मत आहे, आणि ते कुठेतरी छापून यायला हवे होते.

शाळा सुरू झाली तेव्हा मॅट्रिक जाऊन एसएससी आलेली होती. पहिली एसएससी परीक्षा 1949 साली झाली. गावातली जुनी माणसे मात्र पुढे कितीतरी वर्षे आठवीला ‘इंग्रजी चौथी’च म्हणत, कारण त्यांच्या काळी मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली लागे आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. सुरुवातीला इयत्तेगणिक एकच वर्ग होता, त्यामुळे तुकडी हा प्रकारच नव्हता. मुख्याध्यापक स्वतः एका वर्गाचे वर्गशिक्षक होते. प्रत्येक मुलाचे घर कुठल्या आळीत आहे, बाप काय करतो, हे त्यांना तोंडपाठ होते असे त्या काळचे विद्यार्थी आजही सांगतात. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले यायला लागली, एका खोलीत मावेनाशी झाली, आणि आठवीच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा तुकड्या झाल्या. इथून पुढे मुख्याध्यापकांना प्रत्येक मूल ओळखता येणे शक्य राहिले नाही. ते काम वाटून द्यावे लागले. वर्गशिक्षक ही व्यवस्था आपल्याकडे अशी आली. कुणी ठराव करून ती सुरू केली नाही.

मुलांमधला वर्गप्रमुख, म्हणजे आपला मॉनिटर, हाही या व्यवस्थेचाच भाग. त्याचे मूळ फार जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेण्याची पद्धत चालवली, ती इंग्लंडात गेली आणि तिथून जगभर पसरली. आपल्याकडच्या मॉनिटरने कधी कुणाला शिकवले नाही. तो फळा पुसायचा, खडू आणायचा, ऑफ तासाला बोलणाऱ्यांची नावे लिहून ठेवायचा. चांगले वर्गशिक्षक मात्र त्याच्याकडून वेगळीच माहिती घेत: कोण डबा आणत नाही, कोणाकडे वही नाही, कोण घरून निघतो पण शाळेत पोचत नाही.

आता कॅटलॉगबद्दल. बाहेरच्यांना तो नुसता हजेरीपट वाटेल. लांबट, जाड पुठ्ठ्याचा, डाव्या बाजूला अनुक्रमांक आणि नावे, उजवीकडे एकतीस घरे. आपल्या शाळेत आधी मुलगे आणि मग मुली अशी नावे लिहायची पद्धत फार वर्षे चालली. सगळी नावे एकत्र, अक्षरानुक्रमे लिहायला लागलो ते बऱ्याच उशिरा. महिनाअखेरीला उभी बेरीज आणि आडवी बेरीज जुळली पाहिजे. एका दिवसाची एक खूण चुकली तरी दोन बेरजा वेगळ्या येतात, आणि नव्या शिक्षकाचा महिन्याचा शेवटचा दिवस त्यातच जातो. ज्येष्ठ शिक्षक नव्या माणसाला जवळ बसवून ही बेरीज शिकवत. पण त्याच्या आधी एक गोष्ट शिकवत, ती जास्त मोलाची होती. हजेरी घेताना मान खाली घालून नुसते आकडे पुकारायचे नाहीत. नाव घ्यायचे, वर बघायचे, ‘हजर’ म्हणणाऱ्याचा चेहरा बघायचा. आणि गैरहजर मुलापुढे खूण केली की त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारायचे, ‘का आला नाही रे?’

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या मुलाला माहीत असते. ‘सर, त्याची म्हैस व्यालीय.’ ‘सर, वडील आजारी आहेत, तो दुकानावर बसलाय.’ ‘सर, ते आता इथं राहत नाहीत.’ फी न भरल्यामुळे घरी बसलेली मुले तर दर महिन्याला असत. त्या काळी फी वर्गशिक्षकच गोळा करत, वर्गातच पावती फाडत, आणि सगळ्यांच्या देखत ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला उभे राहावे लागे. 1959 पासून आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना सवलत मिळू लागली, तिला सगळे ईबीसीच म्हणत. ईबीसीचा फॉर्म भरायचा म्हणजे तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला हवा, आणि तलाठी नेमका त्या दिवशी दुसऱ्या सजावर. कितीतरी वर्गशिक्षकांनी आपल्या तुकडीतल्या मुलांचे दाखले स्वतः जाऊन, एकत्र करून आणले. त्या दाखल्यांवर बापाचा अंगठा आणि खाली साक्षीदार म्हणून शिक्षकाची सही. आपल्या शाळेतून शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या मुलांची यादी या स्मरणिकेत आहे. त्यांतल्या पुष्कळांचे शिक्षण या कागदावर उभे आहे.

1972 च्या दुष्काळात शाळा कशी चालली ते आमच्या आधीच्या पिढीने आम्हाला सांगितले. विहिरी आटल्या, जनावरे छावणीत गेली, आणि माणसे खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर गेली. 1973 च्या मे महिन्यात राज्यात जवळपास 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांत आपली मुलेही होती. वर्ग अर्धे रिकामे झाले. आमचे ज्येष्ठ सहकारी सांगत, की शाळा सुटली की ते सायकल काढून कामाच्या जागी जायचे. तिथे मुलांना सुकडी मिळायची, ती खाऊन झाली की दगडांच्या ढिगाजवळ बसवून गणिते घालून द्यायचे. जे मूल कामावर गेले त्याचे नाव कॅटलॉगमधून काढायचे नाही, ते आल्याबरोबर त्याच्या जुन्याच अनुक्रमांकावर बसवायचे, असा तेव्हा अलिखित नियम होता.

त्याच सुमारास दुसरीही एक उलथापालथ झाली. 1972 पासून नवा आकृतिबंध आठवीला लागू झाला आणि 1975 साली नव्या पद्धतीचे दहावीचे विद्यार्थी व जुन्या पद्धतीचे अकरावीचे विद्यार्थी एकाच वर्षी एसएससीला बसले. एका शाळेतून दोन शालान्त तुकड्या. खोल्या कमी, शिक्षक तेवढेच. त्याबद्दल निकालाच्या लेखात आले आहे, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

आपल्या भागाची खरी परीक्षा मात्र दरवर्षी असते, आणि ती दसरा-दिवाळीला सुरू होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातली कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखाने सुरू झाले की ट्रक येतो, त्यात भांडी, अंथरूण, कोंबड्या, शेळ्या आणि पोरे चढतात, आणि पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत काढायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॅटलॉग उघडला की काही नावांपुढे रोज तीच गैरहजेरीची खूण. सरकारी भाषेत ही ‘स्थलांतरित’ मुले. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे आली, ती चांगलीच आहेत, पण त्यांचा आधार बहुतांशी प्राथमिकच्या मुलांना. नववीतल्या मुलीला मात्र धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि भाकरी थापायला सोबत नेतात.

आमच्याकडे एक बाई होत्या. त्यांचे नाव लिहिलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. नववी ‘ब’ त्यांच्याकडे होती. टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या वस्तीवर गेल्या, मी सोबत होतो. दारात सामान बांधून ठेवलेले, वर पातेली पालथी घातलेली. मुलगी चुलीपुढे बसलेली, वर बघत नव्हती. तिची आई म्हणाली, ‘बाई, माझं बी मन नाही तिला न्यायचं. पण कुणाच्या भरवशावर ठिवू? म्हातारीला दिसत नाही.’ बाईंनी उपदेश केला नाही. शिक्षणाचे महत्त्व, मुलगी शिकली तर काय होते, यातले एक अक्षर नाही. त्यांनी विचारले, ‘तुमची नणंद गावातच दिली आहे ना? तिच्याशी मी बोलते.’ त्या तशाच उठून नणंदेकडे गेल्या. रात्री नणंदेच्या नवऱ्याला होकार द्यायला लावला, धान्याचे काय करायचे ते ठरवले, आणि दर शनिवारी स्वतः घरी येऊन बघेन असा शब्द दिला. सकाळी ट्रक गेला तेव्हा मुलगी आत्याच्या ओट्यावर उभी होती. बाईंनी शब्द पाळला. मुलगी पुढच्या वर्षी दहावी झाली. धाकट्या भावंडांना मात्र जावे लागले, आणि ही गोष्ट बाईंना नेहमी लागून राहिली.

दुसरी हंगामी गैरहजेरी तुळशीच्या लग्नानंतरची. लग्नसराई सुरू होते आणि आठवी-नववीतली मुलगी अचानक सलग दिसेनाशी होते. शेजारी बसणारी मैत्रीण खाली बघते, बोलत नाही. अनुभवी वर्गशिक्षकाला एवढ्यावरून कळते. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेल्पलाइन आहे; पण सुपारी फुटण्याच्या आत बातमी कळायला हवी, आणि ती सगळ्यांत आधी कळते वर्गात. काही लग्ने थांबली. काही थांबवता आली नाहीत. जी थांबवली त्यांचा गाजावाजा आम्ही केला नाही, कारण मुलीला त्याच गावात राहायचे होते.

तुकड्यांची वाटणी कशी करायची यावर आपल्या शाळेत फार वर्षे वाद चालला. त्याबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे. दीर्घकाळ गुणानुक्रमे तुकड्या होत्या. पहिले पन्नास ‘अ’मध्ये, पुढचे ‘ब’मध्ये, आणि नापास होऊन त्याच इयत्तेत राहिलेली, उशिरा आलेली, वाडीवस्तीवरची मुले ‘ड’मध्ये. ‘अ’ला सर्वांत अनुभवी शिक्षक, कारण बोर्डात नंबर यायचा असे. ‘ड’चे वर्गशिक्षकपद नव्या माणसाच्या गळ्यात. मुलांना हे पहिल्या आठवड्यात कळायचे. ‘कुठल्या तुकडीत?’ या प्रश्नाला उत्तर देताना ‘ड’तली मुले आवाज खाली आणायची. वाडीवस्तीवरची मुले म्हणजे कोणत्या समाजाची मुले, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. गुणांच्या नावाखाली शाळेत गावकुसाची रेघ ओढली जात होती. हे चुकीचे होते, आणि ज्यांनी चालवले ते वाईट लोक नव्हते, हेही खरे आहे.

त्या काळात आमचे एक चित्रकलेचे सर दर जूनला मुख्याध्यापकांकडे जाऊन ‘ड’ तुकडी मागून घेत. त्यांनी त्या तुकडीतली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवली. शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गातच बाकडी भिंतीला सरकवून सराव. रंग सर आणत. स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. ज्या मुलांना मराठीच्या वहीत एक ओळ सरळ लिहिता येत नव्हती, ती अक्षरलेखनात रेघ न चुकता मोठी अक्षरे काढू लागली. दोन-चार वर्षांत शाळेच्या फलकावर ग्रेड मिळालेल्यांच्या यादीत ‘ड’ची नावे ‘अ’पेक्षा जास्त दिसू लागली. पुढे शिक्षकांच्या सभेत सरमिसळ तुकड्यांचा प्रश्न निघाला तेव्हा कुणीतरी त्या फलकाकडे बोट दाखवले. पालकांपैकी काहींनी विरोध केला, तालुक्याच्या ठिकाणी मुले घालू असे सांगितले, काहींनी घातलीही. तरी सरमिसळ झाली. पंचाहत्तर वर्षांत आपल्या शाळेने घेतलेला हा सर्वांत मोठा निर्णय मी मानतो. नव्या इमारतीपेक्षाही मोठा.

दहावीच्या वर्गशिक्षकाचे काम वेगळे. बोर्डाचे आवेदनपत्र भरायचे आणि नंतर कच्ची यादी तपासायची. आपल्या भागात कितीतरी मुलांची जन्मतारीख 1 जून असते. शाळेत घालताना नेमकी तारीख कुणाला सांगता आली नाही म्हणून गुरुजींनी ती लिहिली. नावातली एक वेलांटी, आडनावाचे स्पेलिंग, आईचे नाव, हे सगळे या यादीत जसे जाईल तसे प्रमाणपत्रावर उमटते आणि मग आयुष्यभर तेच चालते. म्हणून प्रत्येक मुलाला जवळ बोलावून, त्याचे नाव त्यालाच मोठ्याने वाचायला लावून सही घ्यायची. एका मुलाने नुसते बघून सही केली की त्याला परत वाचायला लावायचे. मुलांना हा अर्धा दिवस कंटाळवाणा वाटतो. पासपोर्ट काढताना किंवा नोकरीच्या पडताळणीच्या वेळी त्यांना त्या दुपारची किंमत कळते. हजेरीची 75 टक्क्यांची अटही इथेच आडवी येते. ज्याची भरत नाही त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचे, असा एक मार्ग असतो. काही ठिकाणी शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलांनाही त्या वाटेने ढकलतात. आपल्या वर्गशिक्षकांनी याला शक्य तितका विरोध केला, याचा मला अभिमान आहे.

2011 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. तीन दिवस पथके शाळांमधून मुले मोजत फिरली, कारण अनेक ठिकाणी कागदावरचा पट आणि बाकावरची मुले जुळत नव्हती. आपल्याकडे पथक आले तेव्हा प्रत्येक वर्गशिक्षक गैरहजर मुलांपैकी कोण कुठे आहे हे नावानिशी सांगू शकला. त्याच्या आदल्या वर्षी, 1 एप्रिल 2010 पासून, शिक्षण हक्काचा कायदा लागू झालेला होता. आठवीपर्यंत नापास करणे थांबले आणि छडीवर कायद्याने बंदी आली. छडी गेल्याने शिस्त गेली असे म्हणणारे शिक्षक अजून भेटतात. मला तसे वाटत नाही. जो आपली तुकडी ओळखत होता त्याला छडी आधीही लागत नव्हती.

नंतरच्या काळात वर्गशिक्षकाच्या पाठीवर दुसरेच ओझे आले. 2015 पासून सरल प्रणालीत प्रत्येक मुलाची माहिती भरायची. आधार क्रमांक, बँक खाते, रक्तगट, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलींचे एसटीचे मोफत पास. त्यांतल्या बहुतेक गोष्टी मुलांच्या भल्याच्याच आहेत. पण सर्व्हर सुरळीत चालतो तो रात्री, आणि नेटची रेंज येते ती शाळेच्या गच्चीवर. माहिती भरण्यात पहिला तास जातो, आणि ‘का आला नाही रे?’ हे विचारायचे राहून जाते.

मग करोना आला. 23 मार्च 2020 ला व्हायचा दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि शाळांना कुलूप लागले. वर्गशिक्षकांनी मोबाइल क्रमांकांच्या याद्या केल्या, तेव्हा दिसले की बऱ्याच घरांत एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर शेतावर जातो. पारावर, मंदिराच्या ओसरीत, झाडाखाली चार-पाच मुलांचे गट करून शिक्षक शिकवायला गेले. 2021 ला तर बोर्डाची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला 50, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला 20 असे गुण धरून निकाल शाळांनीच तयार केला. 16 जुलैला तो जाहीर झाला तेव्हा राज्याचे उत्तीर्णतेचे प्रमाण 99.95 टक्के होते. त्यावर बाहेर टीका पुष्कळ झाली. मी त्या दिवसांत निवृत्त असूनही मदतीला जात होतो. जुनी निकालपत्रके काढून, प्रत्येक मुलाचे गुण दोनदा ताडून, कुणावर अन्याय होऊ नये आणि कुणाला फुकटचे काही मिळू नये म्हणून आपले वर्गशिक्षक अंधार पडेपर्यंत बसत. त्यांच्या वहीवर एवढा विश्वास राज्याने आधी कधी ठेवला नव्हता.

संस्थेच्या विश्वस्तांसमोर या निमित्ताने दोन विनंत्या ठेवतो. पहिली, आठवीला ज्याच्याकडे तुकडी दिली त्याच्याकडेच ती दहावीपर्यंत राहावी. आज दर जूनला वर्गशिक्षक बदलतो. नव्या माणसाला घरे कळेपर्यंत दिवाळी होते आणि तोवर ट्रक निघालेले असतात. दुसरी, वर्गशिक्षकाला आठवड्यात दोन तास मोकळे द्यावेत, त्या वेळात माहिती भरायला न लावता त्याने गैरहजर मुलांच्या घरी जावे.

या लेखाच्या पुढे इयत्ता, तुकडी आणि वर्गशिक्षक यांची वर्षवार यादी छापली आहे. जनरल रजिस्टर कायम जपले जाते, पण जुने कॅटलॉग मुदत संपल्यावर नष्ट करण्याची पद्धत असल्याने सुरुवातीच्या काही वर्षांचे रकाने रिकामे आहेत. त्या वर्षांतल्या माजी विद्यार्थ्यांनी आपली तुकडी आणि आपले सर किंवा बाई कोण होत्या ते शाळेच्या कार्यालयात लिहून कळवावे. जुन्या प्रगतिपुस्तकावर वर्गशिक्षकाची सही असते; ते जपून ठेवले असेल तर त्याची झेरॉक्सही चालेल.